फवारणीचं कॅलेंडर भिंतीवरून काढा, आधी गवत उकरून बघा

मैदानं, गोल्फ कोर्स, बागा आणि मोठमोठी लॉन सांभाळणाऱ्या सगळ्या कमिट्यांना, सेक्रेटरींना आणि मॅनेजर मंडळींना,

नमस्कार.

मी गवतावर काम करणारा माणूस. कापणी, पाणी, खत, रोलर आणि पाठीवर पंप यातच इतकी वर्षं गेली, त्यामुळे पत्रबित्र लिहायची सवय नाही, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. मीटिंगमध्ये माझा नंबर सगळ्यात शेवटी येतो, तोवर अर्धे लोक घड्याळाकडे बघायला लागलेले असतात, आणि दोन मिनिटांत हुमणी (भुंगेऱ्याची अळी, मातीत राहून गवताची मुळं खाते ती) कशी समजावून सांगणार हो? म्हणून हे इथे सगळ्यांसाठीच लिहितोय.

मागणी एकच आहे. तुमच्या ऑफिसात भिंतीवर जे फवारणीचं कॅलेंडर टांगलंय ना, पहिल्या आठवड्यात हे औषध, तिसऱ्या आठवड्यात ते औषध, कीड असो वा नसो, ते काढा. त्याच्या जागी एक वही ठेवा, कुठे उकरलं, किती किडे निघाले, कोणते निघाले हे लिहायला, आणि फवारायचं की नाही ते त्या वहीवरून ठरवा. औषध जैविक आहे का रासायनिक हा वाद त्याच्यानंतरचा.

आता हे मी एवढं ठासून का सांगतोय तर माझ्या हातून झालेली चूक आहे म्हणून. मागे एका ठिकाणी कामाला होतो, नाव घेत नाही, तसंही हे सगळीकडेच होतं. मैदानाच्या एका कोपऱ्यात ताटाएवढा पिवळा डाग पडला. कमिटीतल्या कुणीतरी फोटो काढला, ग्रुपवर टाकला, खाली लगेच "कीड लागली" म्हणून कुणी लिहिलं, आणि दुपारी मला फोन, संध्याकाळपर्यंत मारा. मी मारलं. पंधरा दिवसांनी डाग परातीएवढा झाला, परत मारलं, ह्या वेळी जरा कडक डोस, मग महिनाभराने तिसऱ्यांदा. तिसऱ्या फवारणीच्या दुसऱ्या दिवशी मलाच राहवेना, फावडं घेतलं आणि डागाच्या कडेला चौकोन कापून उलटा केला. एक किडा नाही. मुळं पांढरी, धडधाकट, जरा आखूड असतील फारतर. माती मात्र कोरडी ठाक, बोटाने उकरली तर भुगा व्हायची. वर बघितलं तर त्या कोपऱ्याच्या स्प्रिंकलरचं नोझल कचऱ्याने अडकलेलं, पाणी तिथवर पोचतच नव्हतं. टाचणीने साफ केलं, दोन आठवड्यांत डाग भरून आला. म्हणजे तीन वेळा विष मारलं ते तहानेवर. आणि गंमत (गंमत कसली) म्हणजे त्याच पट्ट्यात नंतर अळ्या झाल्या, आधी कधी नव्हत्या तिथे. माझा अंदाज असा की अळीची अंडी खाणाऱ्या मुंग्या, जमिनीवर फिरणारे काळे शिकारी भुंगे, कोळी, हे सगळं आम्हीच त्या तीन फवारण्यांत साफ करून टाकलं होतं. फोन करणाऱ्याची चूक होती, पण पंप माझ्या पाठीवर होता, हे पण कबूल करतो.

तर आधी उकरून बघणं. ह्याला शिक्षण लागत नाही, गुडघे मातीत टेकवायची तयारी लागते.

डागाच्या मधोमध उकरू नका, तिथे मेलेलंच असतं सगळं, किडे पोट भरून पुढे सरकलेले असतात. जिथे हिरवं संपून पिवळं सुरू होतं त्या कडेला मूठभर गवत धरून वर ओढा. घट्ट असेल तर मुळं शाबूत. पण गालिचा गुंडाळल्यासारखं सहज उचलून आलं तर खाली हुमणी आहे असं धरून चाला, मुळं कुरतडून टाकलेली असतात. मग फावड्याने एक फूट बाय एक फूट चौकोन तीन बाजूंनी कापायचा, तीनचार इंच खोल, झाकणासारखा उलटायचा, माती हाताने फोडायची आणि मोजायचं. हुमणी ओळखायला सोपी, पांढरट मळकट अंग, तपकिरी डोकं, पुढे पायांच्या तीन जोड्या आणि इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली. मोजून झालं की चौकोन परत बसवायचा, पाणी घालायचं, गवत चिकटतं.

किती निघाल्या तर घाबरायचं? साधारण १ चौरस फुटात ५ ते १० हुमण्या निघाल्या की विचार करायचा असं धरतात, त्यातही हुमणीची जात कोणती, मोठी का छोटी, यावर आकडा वरखाली होतो. आणि पाणी नीट मिळणारं, मुळं खोल गेलेलं गवत त्याहून जास्तसुद्धा सहन करतं आणि वरून काही कळतही नाही. दोन हुमण्या दिसल्या म्हणून अख्खं मैदान भिजवून काढायचं कारण नाही. उलट कधीकधी हुमण्या कमी आणि नासधूस जास्त असते, कारण त्या खायला पक्षी आणि रानातली जनावरं गवत उकरतात.

जात ओळखायची तर हुमणी उलटी धरून शेपटाकडचा शेवटचा भाग भिंगाखाली बघायचा. तिथे बारीक काट्यासारखे केस असतात, त्यांची मांडणी प्रत्येक जातीची वेगळी, कुणाची व्ही आकारात, कुणाची दोन समांतर ओळींत, कुणाची नुसती विस्कटलेली. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं, दहाबारा हुमण्या शेजारी शेजारी ठेवल्यावर डोळा बसला. हे का महत्त्वाचं ते पुढे जैविकाच्या गोष्टीत येईल.

हुमणी झाली मातीतली. वर गवत खाणाऱ्या अळ्या, म्हणजे लष्करी अळी, कटवर्म, जाळं विणणारी वेबवर्म, ह्या दिवसा दिसतच नाहीत, त्यांना साबणाच्या पाण्याने बाहेर काढायचं. ४ लिटर पाण्यात २ मोठे चमचे भांडी घासायचं लिक्विड ढवळायचं आणि साधारण १ चौरस मीटरवर सावकाश ओतायचं, मग उकिडवं बसून राहायचं, मोबाईल खिशात. पहिली दोन मिनिटं काहीच होत नाही, वाटतं वेळ गेला फुकट. मग एक पातं हलतं, वारा नसताना. मग त्याच्या बुडातून एक अळी अंग वेडंवाकडं करत वर येते, तिच्यामागे दुसरी, कधीकधी गांडुळं पण येतात बिचारी. दहा मिनिटं बसलात तर कळतं की खाली वस्ती आहे का नाही. कडक उन्हात करू नका आणि नंतर साधं पाणी मारा, नाहीतर गवत करपेल आणि परत मलाच फोन येईल.

रस शोषणारा चिंच बग असेल तर वेगळी युक्ती. (नावातली चिंच झाडाची नव्हे, स्पॅनिशमध्ये ढेकणाला चिंचे म्हणतात, तिथून आलंय.) दोन्ही तोंडं कापलेला पत्र्याचा डबा पिवळ्या-हिरव्याच्या कडेला मातीत दाबायचा, पाण्याने भरायचा, पाणी जिरलं तर परत भरायचं, पाचदहा मिनिटांत चिंच बग तरंगत वर येतात. आला नाही तर नाही, विषय संपला, दुष्काळ किंवा बुरशी शोधा.

आता औषधांकडे येतो. रासायनिक म्हटलं की काही मेंबर नाक मुरडतात आणि काहींना दुसरं काही सुचतच नाही. मी दोन्हीत नाही. पण ह्या बाटल्यांचा इतिहास माहीत असला पाहिजे, कारण दर वेळी आपल्याला सांगितलं गेलं की आता हे शेवटचं, यानंतर कीडच नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर क्लोरडेन, डिल्ड्रिन, आल्ड्रिन ही मंडळी आली. एकदा मातीत घातली की वर्षानुवर्षं हुमणी दिसायची नाही, सगळे खूश. पण जी गोष्ट वर्षानुवर्षं मातीत राहते ती तिथेच थांबत नाही, गांडुळात जाते, पक्ष्यात जाते, माणसाच्या चरबीत जाते. आणि हुमण्याही शेवटी त्यांना दाद देईनाशा झाल्याच. २००१ साली स्टॉकहोम करार झाला, जगातून हद्दपार करायच्या पहिल्या १२ रसायनांच्या यादीत ही तिन्ही नावं होती. त्यांच्या जागी आली ऑरगॅनोफॉस्फेट, मातीत लवकर नाहीशी होणारी म्हणून चांगली, पण जोवर आहेत तोवर जहाल. डायझिनॉन मारलेल्या गोल्फ कोर्सवर चरायला उतरलेली हंसाच्या जातीची पाखरं थव्याने मेली, कारण ती गवतच खातात, आणि १९८८ साली अमेरिकेत गोल्फ कोर्स आणि लॉनचं गवत पिकवणाऱ्या शेतांवर ते औषध बंद करावं लागलं. मग १९९० च्या दशकात इमिडाक्लोप्रिड आलं, थोड्या मात्रेत काम, मुळांतून गवतात चढतं, माणसाला आधीच्या मानाने सौम्य, आम्हाला वाटलं सुटलो. तर मधमाश्यांचा प्रश्न उभा राहिला, आणि २०१८ साली युरोपियन युनियनने इमिडाक्लोप्रिड आणि त्याच घरातल्या आणखी दोन औषधांचा उघड्यावरचा वापर बंद केला.

हे वाचून कुणी म्हणेल की मग रासायनिक सगळंच बाद. तसंही नाही. क्लोरँट्रानिलिप्रोल म्हणून आहे, किड्याच्या स्नायूंवर काम करतं, माणसाला, पक्ष्यांना आणि मधमाश्यांना त्याचा धोका खूप कमी. मात्र पाण्यातल्या बारीक जीवांना ते घातक आहे, तळ्याच्या कडेला हात आखडताच ठेवायचा. हुमणीचा जोर खरंच मोठा असेल तर मी स्वतः ते मागेन, आणि मागितलं तर द्या.

पण औषध कुठलंही असो, आपण ते वाया कसं घालवतो ते जरा ऐका. हुमणी मोठी होताना दोनदा कात टाकते, म्हणजे तिच्या तीन अवस्था. पहिल्या अवस्थेत ती तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि तेव्हा पटकन मरते. तिसऱ्या अवस्थेत बोटाच्या पेराएवढी जाड होते, तेव्हा डाग दिसतो, तेव्हा तुमचा फोन येतो, आणि तेव्हा इमिडाक्लोप्रिड किंवा क्लोरँट्रानिलिप्रोल मारून फारसा उपयोग नसतो. इमिडाक्लोप्रिड अंडी घालायच्या सुमाराला द्यायचं असतं, क्लोरँट्रानिलिप्रोल मातीत सावकाश उतरतं म्हणून त्याच्याही आधी. म्हणजे लक्ष ठेवायचं ते डागावर नाही, भुंगेऱ्यांवर. संध्याकाळी दिव्याखाली भुंगेरे पडायला लागले की वहीत तारीख टाका, घड्याळ तिथून सुरू. उशीर झालाच असेल तर ट्रायक्लोरफॉनसारखी (भारतात त्यावर आता बंदी आहे) लगेच मारणारी औषधं असतात, पण ती जहाल, आणि टाकीतलं पाणी अल्कधर्मी, म्हणजे जास्त पीएचचं, असेल तर फवारायच्या आधी टाकीतच त्यांचा जोर जायला लागतो. किती जणांनी टाकीतल्या पाण्याचा पीएच कधी तपासलाय? मी पण पहिली कित्येक वर्षं नव्हता तपासला.

मग पाणी. हुमणी मातीत आणि औषध पात्यावर, भेट कशी होणार? फवारणी झाली की लगेच ६ ते १२ मिलिमीटर पाणी द्यायचं म्हणजे औषध मुळांपर्यंत उतरतं. पण "उद्या सकाळी मॅच आहे, ओलं करू नका" असा निरोप येतो, औषध रात्रभर पात्यावर बसतं, सकाळी उन्हात बरंचसं वाया जातं, आणि उरलेलं मुलांच्या गुडघ्याला लागतं. ज्या दिवशी पाणी देता येणार नाही त्या दिवशी फवारणी ठेवू नका, एवढं तरी ऐका. अळ्यांच्या बाबतीत मात्र उलट, त्या वर खातात म्हणून औषध पात्यावरच राहायला हवं, तेव्हा लगेच पाणी नको आणि सकाळी कापणीही नको. मॅच मात्र तेव्हाही नको.

आणि तो थॅच, मेलेल्या खोडामुळांचा तपकिरी स्पंजासारखा थर, गवत आणि मातीच्या मध्ये बसलेला. तो अर्ध्या इंचाच्या वर गेला की औषध तोच पिऊन टाकतो. हा थर खाऊन मातीत मिसळवायचं काम गांडुळं फुकटात करतात, आणि कार्बारिलसारख्या काही कीडनाशकांनी आधी गांडुळंच मरतात. म्हणजे औषधाने गांडूळ मेलं, म्हणून थॅच वाढला, म्हणून औषध खाली पोचेना, म्हणून डोस वाढवला. हा पाळणा आम्ही वर्षानुवर्षं झुलवत बसलोय.

लॉनमध्ये पांढरा क्लोव्हर फुललेला असेल तर फवारायच्या आधी मोवर फिरवून फुलं उडवा, मधमाश्या मग तिथे येतच नाहीत. अर्धा तास लागतो याला.

एकच औषध परत परत मारलं की काय होतं ते पण जगाने बघून झालंय. फ्लोरिडात चिंच बग बायफेनथ्रिन ह्या पायरेथ्रॉइड गटातल्या औषधाला जुमानेनासे झाले, अमेरिकेच्या ईशान्येकडच्या गोल्फ कोर्सवर एक सोंडवाला भुंगा आहे तो पायरेथ्रॉइडच्या सगळ्या घराण्यालाच पुरून उरला. मातीतले जिवाणूसुद्धा शिकतात, आयसोफेनफॉस नावाचं औषध वारंवार दिलेल्या जमिनीत ते जिवाणूंनीच इतक्या लवकर फस्त करायला सुरुवात केली की किड्याला काही उरेना. आणि ब्रँड बदलणं म्हणजे औषध बदलणं नव्हे. बाटलीवर कीडनाशकाचा गट लिहिलेला असतो, ३ए म्हणजे पायरेथ्रॉइड, ४ए म्हणजे निओनिकोटिनॉइड (इमिडाक्लोप्रिड यातलं), २८ म्हणजे डायअमाइड (क्लोरँट्रानिलिप्रोल यातलं), तो गट बदलला तरच बदल झाला. खरेदी तुम्ही करता, मी फक्त मारतो, तेव्हा हे वाचून घ्यायची जबाबदारी तुमचीपण आहे.

आता जैविक. इथे कमिट्यांचा दुसरा प्रकार भेटतो, "आम्ही पूर्ण ऑरगॅनिक जाणार" वाला. हौस चांगली आहे. पण जैविक म्हणजे जिवंत वस्तू, तिला खाणं लागतं, ओल लागते, ऊन सोसत नाही, आणि सगळ्यात मोठं म्हणजे ती निवडक असते.

जुनं उदाहरण देतो. जपानी भुंगेरा अमेरिकेत न्यू जर्सीत १९१६ साली सापडला आणि बघता बघता गवत, बागा, फळझाडं सगळीकडे पसरला. त्याच्या हुमणीला होणारा एक जिवाणूचा रोग सापडला, आजारी हुमणीचं रक्त दुधासारखं पांढरं होतं म्हणून नाव मिल्की डिसीझ. त्याचे बीजाणू सरकारने वर्षानुवर्षं गावोगाव मातीत टाकले आणि १९४८ साली ते अमेरिकेत नोंदणी झालेलं पहिलं सूक्ष्मजीव कीडनाशक ठरलं. पण ते बीजाणू मारतात फक्त जपानी भुंगेऱ्याच्या हुमणीला. तुमच्याकडे दुसरी हुमणी असेल तर ती पावडर म्हणजे महागडी माती. म्हणून म्हटलं होतं शेपटाकडचे केस बघा.

माझं स्वतःचं आवडतं म्हणजे सूत्रकृमी. बारीक जंत, अर्धा मिलिमीटर, डोळ्याला दिसत नाहीत. त्यांच्या पोटात जिवाणू असतात, सूत्रकृमी किड्याच्या तोंडातून किंवा श्वासाच्या छिद्रातून आत शिरतो, जिवाणू सोडतो, आणि किडा एकदोन दिवसांत खलास. मग त्याच मढ्यात सूत्रकृमींच्या पिढ्या वाढतात आणि दोनेक आठवड्यांत हजारोंनी बाहेर पडतात. पण यातही जाती आहेत. स्टाइनरनेमा कार्पोकॅप्सी हा दबा धरून बसणारा, शेपटीवर उभा राहतो आणि जवळून जाणाऱ्यावर झडप घालतो, म्हणून वर फिरणाऱ्या अळ्यांना तो बरा. हेटरोरॅब्डायटिस बॅक्टेरिओफोरा मातीत फिरून शोधणारा, हुमणी एका जागी बसून खाते म्हणून तिला तो हवा. पाकिटावरचं हे लांबलचक नाव न वाचता नुसतं "नेमॅटोड" म्हणून मागवलं तर काय येईल ते देवालाच माहीत.

आणि मारायचं कसं? मी बघितलंय की पाकीट ऑफिसात खिडकीत आठवडाभर उन्हात पडलेलं, मग भर दुपारी बाराला कोरड्या मैदानावर फवारा, आणि पुढच्या मीटिंगमध्ये ठराव की जैविकाने काही होत नाही. अहो, मेलेले मारले होते आपण! पाकीट थंडीत ठेवायचं. फवारायच्या आधी माती ओली, फवारणी सूर्य मावळताना, पंपाच्या नोझलमधली बारीक जाळी काढून, टाकी सारखी ढवळत, कारण ते तळाला बसतात, आणि वरून लगेच परत पाणी, पाती वाळायच्या आत. पुढचे दोन आठवडे माती वाफशाला राहिली पाहिजे. मात्रा हेक्टरी साधारण २५० कोटी, आकडा ऐकून छाती दडपते पण पाकिटात मावतात. थोडे आधी भिंगाखाली पाण्याच्या थेंबात बघा, वळवळत असले तर मारा, सरळ काडीसारखे पडून असले तर बहुतेक मेलेले, पाकीट परत पाठवा.

चाललं की नाही ते आठवड्याने उकरून कळतं. हेटरोरॅब्डायटिसने मेलेली हुमणी विटकरी लाल होते, मऊ पडते, पण वास मारत नाही. मी अशी एक डबीत घालून रात्री दिवा बंद करून बघत बसलो होतो, कारण ऐकलं होतं की तो जिवाणू उजेड देतो. पहिल्यांदा काही दिसेना, डोळे अंधाराला सरावायला बराच वेळ लागला, आणि मग दिसला, अगदी मंद, आहे की नाही असं वाटणारा उजेड. घरचे म्हणाले हा माणूस मेलेल्या अळ्या उशाशी घेऊन बसतो.

बुरशीची औषधं पण आहेत, मेटारायझियम म्हणजे हिरवी बुरशी, बिव्हेरिया म्हणजे पांढरी. हे आजचं फॅड नाही, रशियन शास्त्रज्ञ मेचनिकोव्ह यांनी १८७९ साली गव्हावरच्या भुंगेऱ्यावर मेटारायझियम वापरून बघितलं होतं. बुरशी किड्याच्या कातडीवर रुजते आणि आत घुसते, त्यामुळे वेळ लागतो, आठवडा, कधी त्याहून जास्त. आणि ज्या आठवड्यात गवताच्या रोगावर बुरशीनाशक मारलं त्याच आठवड्यात बिव्हेरिया मारायचं म्हणजे आपणच आपली बुरशी मारायची. तुमच्या कॅलेंडरवर दोन्ही एकाच रकान्यात होते, मी खोटं बोलत नाही. बीटीचं, म्हणजे अळी मारणाऱ्या एका जिवाणूचं, थोडक्यात सांगतो, बीटी कुर्स्टाकी अळ्यांना चालतं, तेही त्यांनी खाल्लं तर आणि त्या लहान असतील तर, उन्हात दोनचार दिवसांत संपतं, हुमणीला त्याचा काही उपयोग नाही.

बाहेरून मित्रकीटक आणून सोडायचे असतील तर ते आपलं काम नव्हे, सरकारी शास्त्रज्ञांचं आहे, पण नीट केलं तर काय होतं ते फ्लोरिडात दिसलं. दक्षिण अमेरिकेतून चुकून आलेल्या मोल क्रिकेटने, म्हणजे जमिनीत बोगदे करणाऱ्या रातकिड्याने, तिथलं गवत पोखरून काढलं होतं. मग त्याच्याच मुलखातून त्याचे वैरी आणले, एक गांधीलमाशी, एक सूत्रकृमी आणि एक माशी. ती माशी तर ऐकण्यासारखी आहे, शब्दशः. नर रातकिडा मादीला बोलवायला गातो आणि त्या गाण्याचा माग काढत ही माशी येते आणि त्याच्या अंगावर आपल्या अळ्या सोडते. बिचारा गायला बसतो एकीसाठी आणि येते दुसरीच.

काही गोष्टी ह्या दोन्ही बाजूंच्या नाहीत, नुसत्या कापण्याच्या आणि पाण्याच्या आहेत, आणि त्यांचं कुणी बिलही देत नाही म्हणून त्या मीटिंगमध्ये येत नाहीत. कटवर्मची मादी पात्याच्या टोकाला अंडी घालते, गोल्फच्या ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर, रोज कापणी होते म्हणजे बहुतेक अंडी मोवरच्या पेटीत येतात, पण ती मेलेली नसतात. ते कापलेलं गवत ग्रीनच्या कडेलाच ओतलं की अळ्या चालत परत येतात, लांब नेऊन टाका. भुंगेरे अंडी घालायला ओली माती शोधतात आणि अंड्याला फुगायला ओल लागते, त्या काही आठवड्यांत गवताला झेपेल तितकं पाणी कमी केलं तर अंडी सुकतात. मी पाणी तोडलं की तुम्हाला गवत जरा फिकं दिसेल, तेव्हा ग्रुपवर फोटो टाकायच्या आधी मला विचारा. कापणी एक खाच वर ठेवली की मुळं खोल जातात आणि हुमणीचा मार सोसतात. नवीन गवत पेरायचं असेल तर फेस्क्यू आणि रायग्रासच्या अशा जाती मिळतात ज्यांच्या आत एक बुरशी राहते आणि चिंच बग, वेबवर्म यांना ते गवत खाववत नाही. हुमणीवर त्याचा फारसा जोर चालत नाही, आणि जिथे गुरं किंवा घोडे चरणार असतील तिथे असं लॉनचं बी अजिबात नको, जनावरं आजारी पडतात.

कुणी म्हणेल की आम्ही छोटी कमिटी, आमच्या ठरवण्याने काय होतं. कॅनडात क्युबेकमधलं हडसन नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या नगरपालिकेने १९९१ साली नुसत्या शोभेसाठी कीडनाशक मारायला बंदी केली, फवारणी करणाऱ्या कंपन्या कोर्टात गेल्या, आणि २००१ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने गावाची बाजू उचलून धरली. मी सरसकट बंदी मागत नाहीये, हे परत सांगतो, उद्या खरंच हुमणीने मैदान उचललं तर हातात काहीतरी हवं. पण ठरवायचा अधिकार छोट्यांनाही असतो एवढं त्यातून दिसतं.

ठेकेदाराचं कॉन्ट्रॅक्ट बदला. आत्ता त्याला दर फवारणीचे पैसे मिळतात, मग तो "ह्या महिन्यात गरज नाही" असं का म्हणेल, तुम्ही म्हणाल का? तपासणीचे पैसे द्या, उकरलेल्या चौकोनांची नोंद मागा, फवारणी त्या नोंदीवरून मंजूर करा, आणि सगळं मैदान नाही, जिथे कीड निघाली तेवढाच पट्टा. फवारलं की बोर्ड लावा, औषधाचं नाव आणि वेळ लिहून, आणि गवतावरचं औषध पूर्ण वाळेपर्यंत कुणालाही आत सोडू नका, मेंबर असला तरी नाही. आणि जो पोरगा पंप घेऊन जातो त्याला हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट द्या, मी कित्येक वर्षं उघड्या हातांनी औषध कालवलंय आणि तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

पुढची मीटिंग ऑफिसात नको. सकाळी सहाला मैदानावर या, उत्तरेकडच्या गोलपोस्टच्या मागे, तिथे परवापासून पक्षी उतरताहेत. फावडं, साबणाचं पाणी, डबा आणि भिंग मी घेऊन येतो. मी तीन चौकोन कापीन, तुम्ही मोजा, आणि आकडा वहीत तुमच्यापैकी कुणीतरी आपल्या हाताने लिहा. दव असतं, चांगले बूट घालून येऊ नका.

तुमचाच,
मैदानावरचा माळी